चिऊची धाप आणि मावशीचं घड्याळ

इंग्लंडमधे लीड्सला येऊन आम्हाला सहा वर्षं होतील आता, पण इथल्या थंडीपेक्षा, पावसापेक्षा मला सगळ्यात जास्त आठवते ती ऑक्टोबर 2023 मधली एक रात्र. माझी लेक चिऊ तेव्हा चार वर्षांची. दोन दिवस नुसती सर्दी होती आणि रात्री दीड वाजता उठून बसली, बोलेचना, नुसती माझ्याकडे बघत श्वास घेत होती. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, मी एकटी, आणि हातात फोन.

मी 111 ला फोन लावला (ही इथली सरकारी हेल्पलाईन, एकदम इमर्जन्सी असेल तर 999) आणि लाईनवर थांबलेली असतानाच दुसऱ्या फोनवर मावशीला व्हिडीओ कॉल केला. मावशी मिरज तालुक्यात आशा ताई आहे, तिकडे पहाट होती, ती उठलेलीच असते. "कापडं वर कर की तिची, पोट दिसू दे मला," एवढंच म्हणाली. मी टीशर्ट वर केला आणि तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मधे आणि गळ्याखाली खड्डे पडतायत, नाकपुड्या फुगतायत. "आता एक मिनिट पूर्ण मोज, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही." तिनेही तिकडे आशाच्या किटमधून मिळालेलं घड्याळ समोर धरलं आणि आम्ही दोघींनी मोजलं. 52. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त असेल तर तो जलद धरायचा, वर्षाच्या आतल्या बाळाला 50, दोन महिन्यांच्या आतल्याला 60, हे मावशीला तोंडपाठ. आणि गंमत नाही सांगत, दोन मिनिटांनी 111 वरची नर्स लाईनवर आली तर तिचाही पहिला प्रश्न तोच, कपडे वर करून छाती बघितली का, वाक्य पूर्ण बोलता येतंय का. ओठ निळे दिसतायत का असंही विचारलं. आपल्या सावळ्या मुलांमधे ते ओठांवर पटकन कळत नाही, जीभ, हिरड्या, तळहात बघायचे. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीनसुद्धा सावळ्या त्वचेवर आकडा जरा जास्त दाखवू शकतं, त्यामुळे घरी नुसत्या मशीनवर विसंबू नका.

अँब्युलन्स आली. मला वाटलेलं की आपल्याकडे देतात तशी मशीनची वाफ देतील, पण त्यांनी निळा पंप काढला आणि एक प्लॅस्टिकचं नळकांडं, पुढे मास्क. स्पेसर. सालब्युटामॉलचे (श्वासनळी मोकळी करणारं औषध) दहा पफ, पण एकावेळी एकच. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट, एक पफ, पाच श्वास, परत हलवायचा. अ‍ॅटॅक अगदी जिवावर बेतणारा नसेल तर वाफेइतकंच हे काम करतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पहाटे चारपर्यंत चिऊ मांडीवर झोपली होती.

त्यानंतर तीनदा असंच झालं आणि प्रत्येक वेळी व्हायरल आहे म्हणून घरी पाठवलं. मला राग यायचा की हे लोक आजाराचं नाव का नाही सांगत. नंतर कळलं की पाच वर्षांच्या आत फुंकायच्या टेस्ट नीट करताच येत नाहीत, म्हणून दमा असेल अशी शंका धरून 8 ते 12 आठवडे तपकिरी पंप, म्हणजे कमी डोसचं स्टिरॉईड, देऊन बघतात आणि मग परत तपासतात. तो 2024 च्या उन्हाळ्यात चालू झाला. आणि इथे माझी चूक झाली. सासूबाई फोनवर म्हणाल्या एवढ्याशा पोरीला स्टिरॉईड कशाला, पंपाची सवय लागते, ओव्याचा शेक दे, आणि चिऊ तर छान पळत होती, मी चौथ्या आठवड्यात बंद केला. कोणाला विचारलं नाही. सप्टेंबरमधे शाळा सुरू झाल्यावर इथे दरवर्षी मुलांचे अ‍ॅटॅक वाढतात, नवीन सर्दी घेऊन येतात एकमेकांची, तिसऱ्या आठवड्यात चिऊ दोन रात्री अ‍ॅडमिट.

वॉर्डमधल्या अस्थमा नर्सने मला अर्धा तास बसवून समजावलं. निळा पंप आवळलेली श्वासनळी सैल करतो, तो त्या वेळेपुरता. आतली सूज उतरवतो तो तपकिरी, आणि तो मूल बरं दिसत असतानाच काम करत असतो. एका पफात 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजारातले पन्नास, आणि अ‍ॅटॅक आल्यावर तोंडाने देतात ती स्टिरॉईडची गोळी मिलिग्रॅममधे असते. म्हणजे पंपाला घाबरून मी पोरीवर उलट मोठ्या डोसची वेळ आणली होती. तपकिरी पंपानंतर चूळ भरायची. स्पेसर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा आणि पुसायचा नाही, तसाच वाळवायचा, फडक्याने घासला तर त्यात करंट धरतो आणि औषध छातीत जायच्याऐवजी प्लॅस्टिकलाच चिकटतं. मी तोवर दर रविवारी टॉवेलने चकचकीत पुसत होते.

यावर्षी चिऊ सहाची झाली आणि तिची फीनो टेस्ट झाली, नळीत एकसारखं हळू फुंकायचं, श्वासातला नायट्रिक ऑक्साईड मोजतात. 35 किंवा जास्त आला तर लक्षणांबरोबर धरून दमा पक्का. तिचा 48. मला वाटलेलं रडू येईल, पण खरं सांगते, हलकं वाटलं.

आणि घर. हिवाळ्यात खिडक्या बंद, कपडे रेडिएटरवर, कुकरच्या शिट्ट्या, भिंतीला काळी बुरशी. डिसेंबर 2020 मधे रॉचडेलमधे आवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ घरातल्या बुरशीमुळे श्वास अडकून गेलं, त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून इथल्या सरकारी आणि संस्थांच्या घरांना लागू झाला. आमचं खाजगी भाड्याचं, घरमालकाला चार वेळा फोटो पाठवले, शेवटी आम्हीच घर बदललं.

फेब्रुवारीत आम्ही घरी येतोय. मावशीला विचारलं काय आणू, तर म्हणाली, "गावात दोन पोरांना डॉक्टरनी पंप दिलाय, पण नळकांड्याचे पैसे कोणी घालत नाही, तोंडात नुसताच फवारा मारतात आणि म्हणतात गुण येत नाही." मास्कवाले दोन स्पेसर बॅगेत ठेवलेत, आणि चिऊने त्या मुलांना स्वतः दाखवायचं असं ठरवलंय, पाच श्वास कसे मोजायचे ते.