चार्जर, खायचा सोडा आणि हिरवा गाळ

खानापुरात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या पंपाची तांब्याची तार मागितली, तर दुकानदार म्हणाला, "सर, ताम्रा घेऊन मोडीत घालणार काय?" कन्नडमध्ये तांब्याला ताम्रच म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे हा शब्द कुणाला अडत नाही.

पोरांना विजेनं तांब्याच्या तारेतून हिरवा गाळ काढून दाखवायचा होता, पण शाळेच्या प्रयोगशाळेत पॉवर सप्लाय नाही. मग जुना ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर कापला. धन टोकाला तांब्याची तार, ऋण टोकाला टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी, लोणच्याच्या बरणीत पाणी. पहिल्यांदा काहीच होईना! अर्ध्या तासानं डोक्यात आलं, तारेवर वार्निश आहे. पॉलिश पेपरनं घासली, तेव्हा कुठे कांडीवर बुडबुडे आले. तो हायड्रोजन, म्हणून खिडकी उघडी.

पाण्यात आधी मीठ घातलं होतं, ती चूक. पिवळा-नारिंगी चिखल झाला. खायचा सोडा घातल्यावर मात्र तारेभोवती निळसर हिरवा धूर उतरावा तसा गाळ खाली बसायला लागला. तांब्याचा कार्बोनेट, जुन्या घागरीवर चढतो त्याचाच भाऊ.

०.४ अँपिअर, ३ तास. जितकी वीज वाहते तितक्या प्रमाणात तारेतलं तांबं विरघळतं; त्या हिशेबानं १.४ ग्रॅम जायला हवं; सोनाराच्या काट्यावर तार १.३ ग्रॅमनं घटली. मला तर हे बघून नाचावंसं वाटलं. पोरांना मात्र रंगच आवडला.

गाळ धुऊन वाळवला, त्यात विरळ गंधकाम्ल टाकलं. फसफसून मोरचूदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळं पाणी! एक पोरगा लगेच म्हणाला, "सर, आमच्या बागेत फवारतात तेच की!"