एदुकादो, लेईदो, साबिया: आठवडा एकाच घोळात गेला

मंडळी, स्पॅनिशच्या अभ्यासात या आठवड्यात सुबखुंतिबो (इच्छा, शंका वगैरे सांगणारी क्रियापदाची रूपं) सुरू करणार होते. एदुकादो या शब्दाने अडवलं.

रविवारच्या कॉलवर स्पेनमधल्या वायादोलिदच्या मैत्रिणीला आजीबद्दल सांगत होते. आजी शाळेत गेली नव्हती, म्हणून म्हटलं, ‘मी आबुएला नो एरा एदुकादा’, म्हणजे ‘माझी आजी एदुकादा नव्हती.’ ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, ‘फार तोडून बोलायची का?’ रोजच्या बोलण्यात एदुकादो म्हणजे सभ्य, चांगल्या वळणाचा! अख्ख्या गावाशी गोड बोलणाऱ्या बाईला मी उद्धट ठरवलं होतं. रात्रभर ते टोचत राहिलं.

चूक कार्डात होती. आंकी या शब्दकार्डांच्या अ‍ॅपवर मागच्या बाजूला इंग्रजी अर्थ लिहिलेले, आणि इंग्रजीत त्याच मुळाचा शब्द शिकलेल्याला लावतात. स्पॅनिशमध्ये शिक्षण झालेला माणूस ‘तिएने एस्तुदियोस’. साहित्य-कलेची जाण असलेला, बहुश्रुत, तो कुल्तो.

मग स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला. जालावर फुकट आहे, आणि कुठल्याही द्वैभाषिक अ‍ॅपपेक्षा मला तोच भरवशाचा वाटतो. तिथे लेईदो भेटला. शब्दशः ‘वाचलेला’, पण अर्थ ‘ज्याने खूप वाचलंय तो’. अहो, हे तर आपलं ‘शिकलेला माणूस’! सातवीनंतर शाळा सुटली तरी गावचं वाचनालय पालथं घातलेल्या आमच्या तात्यांचा शब्द. एकदा वाचला नि पक्का बसला. ‘लेईदो इ एस्क्रिबिदो’ म्हटलं मात्र की तोच माणूस विद्वत्ता मिरवणारा होतो. गंमत म्हणजे ‘लिहिलेला’ला एरवी एस्क्रितो म्हणतात, एस्क्रिबिदो नाही.

आजीसाठी साबिया, म्हणजे ज्ञानी (पुरुष असेल तर साबियो). स्पेनमधल्या कास्तियाचा राजा आल्फोन्सो दहावा (राज्यकाळ १२५२–१२८४) याला एल साबियो म्हणतात. कायदे, इतिहास, खगोलाची कोष्टकं त्याने करवून घेतली. तो पंडित राजा आणि माझी निरक्षर आजी, दोघांना एकच शब्द! उच्चार जपायचा: आघात ‘सा’वर तर ज्ञानी, ‘बी’वर गेला की साबीआ, म्हणजे ‘तिला माहीत होतं’. रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा म्हटलं, आज जमलं.

लिहिता लिहिताच ठरवलं, सुबखुंतिबो पुढच्या महिन्यात. आधी माणसांच्या वर्णनाची सगळी कार्डं मराठीतून, आणि प्रत्येकावर ओळखीचं एक माणूस. रविवारी आजीची गोष्ट पुन्हा सांगणार, जात्यावरच्या ओव्यांसकट. जातं म्हणजे मोलिनो दे मानो. ओवीसाठी शब्द अजून शोधतेय.