स्त्रीधन, मॉन्टेरे आणि १८४९ ची राज्यघटना

मी कॅलिफोर्नियात कोर्टात दुभाष्याचं काम करते, मराठी आणि हिंदी. मराठीचं काम तसं क्वचितच येतं, त्यामुळे मॉन्टेरेहून फोन आला तेव्हा फ्रीमाँटहून एवढं लांब जायला लगेच हो म्हटलं. घटस्फोटाची केस होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत) आणि भांडण सोन्यावरून. नवऱ्याच्या वकिलाचं म्हणणं, दागिने लग्नानंतरच्या कमाईतले, म्हणजे निम्मे आमचे. बाई साताऱ्याकडची, चाळिशीची, एकदम शांत बोलणारी. तिला विचारलं की हे दागिने कुणाचे, तर ती म्हणाली, "ते माझं स्त्रीधन आहे."

झालं, मी अडकले. मी तो शब्द तसाच ठेवला आणि जजना सांगितलं की याला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. समोरच्या वकिलाने लगेच हरकत घेतली. त्यात ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा ना यांना, तुम्हाला तर माहितीये." आता नियम असा की साक्षीदार जे बोलेल ते सगळं भाषांतर करायचं, म्हणजे हे पण, मग मी सरळ चेहऱ्याने अख्ख्या कोर्टाला इंग्रजीत सांगितलं की ताई, तुम्हीच सांगा ना यांना. जज हसल्या आणि म्हणाल्या, जेवून येऊ, दीडला बघू.

आमच्या धंद्यात पक्षकाराबरोबर बसून डबा खायचा नसतो, म्हणून मी एकटीच जवळच्या कोल्टन हॉलला गेले. दगडी इमारत, वरच्या मजल्यावर एक लांब खोली. ती बांधणारा वॉल्टर कोल्टन तिथला अल्काल्दे, म्हणजे आपल्याकडचा पाटील आणि मॅजिस्ट्रेट एकात समजा, त्याने जुगाऱ्यांचे दंड आणि कैद्यांची मजुरी वापरून ती उभी केली. आत टेबलं मांडून ठेवलीत, जणू मंडळी आत्ताच चहाला उठून गेलीत. याच खोलीत सप्टेंबर-ऑक्टोबर १८४९ मध्ये ४८ जणांनी कॅलिफोर्नियाची राज्यघटना लिहिली.

आपल्याला हे जरा उलटं वाटतं. आपल्याकडे संसद कायदा करते आणि राज्य होतं, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो तसाच, आणि राज्याला वेगळी घटना वगैरे भानगड नसते. इथे मेक्सिकोकडून अमेरिकेकडे प्रदेश आला, सोनं सापडल्यामुळे माणसांचा पूर लोटला आणि तिकडे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, गुलामगिरीच्या वादात अडकून काहीच ठरवेना. शेवटी लष्करी गव्हर्नर बेनेट रायली याने स्वतःच्याच जबाबदारीवर निवडणूक लावली आणि प्रतिनिधी बोलावले. ग्विन नावाचा प्रतिनिधी आयोवा राज्याच्या घटनेच्या छापील प्रतीच घेऊन आलेला, म्हणजे कॉपी-पेस्टची सोय तेव्हापासूनची. गुलामगिरीबंदी मात्र एकमताने पास झाली. १३ नोव्हेंबरला लोकांनी घटना मंजूर केली, त्याच दिवशी गव्हर्नर आणि विधिमंडळही निवडलं, डिसेंबरात सॅन होजेला विधिमंडळ बसलं, पीटर बर्नेटने गव्हर्नरपदाची शपथ घेतली आणि रायलीने कारभार त्याच्याकडे सोपवला. गंमत म्हणजे राज्य म्हणून प्रवेश मिळाला ९ सप्टेंबर १८५० ला! सरकार आधी, राज्य नंतर. लग्नाआधीच संसार थाटल्यासारखं.

पण मला खरी ओढ होती ती हार्टनेलची. प्रतिनिधींमधले काही जण फक्त स्पॅनिशवाले, त्यांच्यासाठी विल्यम हार्टनेल दुभाषी होता. पुतळे प्रतिनिधींचे होतात हो, दुभाष्याचे नाही. बाहेर बाकावर बसून सँडविच खाता खाता मोबाईलवर त्या चर्चेचा छापील अहवाल उघडला. मतदानाचा हक्क "गोऱ्या" पुरुषांना द्यायचा अशी चर्चा चाललेली, तर सांता बार्बराचे पाब्लो दे ला गेरा उठून विचारतात की आधी "गोरा" या शब्दाचा अर्थ नीट सांगा, कॅलिफोर्नियातल्या कितीतरी नागरिकांचा रंग मुळातच सावळा आहे. वाचून अंगावर काटा आला. हा प्रश्न स्पॅनिशमधून इंग्रजीत नेताना हार्टनेलने श्वास कसा घेतला असेल? शब्द शेवटी तसाच राहिला. इंडियन लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, मताचा हक्क द्यायचा तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागतील, एवढीच फट ठेवली.

आणि मग पुढे ते कलम सापडलं. बायकोची लग्नाआधीची मालमत्ता आणि लग्नानंतर तिला भेट किंवा वारशाने मिळालेली मालमत्ता ही तिची स्वतंत्र मालमत्ता. स्पॅनिश कायद्यातून आलेलं. इंग्रजी कायद्याच्या रिवाजात सगळं नवऱ्याच्या ताब्यात जायचं, म्हणून काहींनी बराच विरोध केला. हॅलेक नावाचा ब्रह्मचारी प्रतिनिधी म्हणाला की सगळ्या अविवाहितांनी याला मत द्यावं, श्रीमंत बायका कॅलिफोर्नियात यायला याच्याइतकं चांगलं आमिष नाही! मी बाकावर एकटीच हसत बसले. आमच्या केसचा अख्खा मुद्दा १७० हून जास्त वर्षांपूर्वी या बिनलग्नाच्या गड्याने गाजवून ठेवलेला.

दीडला परत. शब्द जिभेवर होता, स्वतंत्र मालमत्ता. पण मी तो उच्चारणं म्हणजे निकालच देऊन टाकणं, कारण भांडणच त्यावर चाललंय, म्हणून गप्प. बाईच्या वकिलाने तिलाच विचारलं की स्त्रीधन म्हणजे काय. ती म्हणाली, "आईने पाटल्या दिल्या, आजीची मोहनमाळ मला आली, मामांनी तोडे घातले. घर मोडलं तरी ते माझ्याजवळ राहायला हवं, म्हणून देतात." मी एकेक शब्द जपून नेला. तोड्यांशी जरा झटापट झाली, मोहनमाळ तशीच ठेवली.

समोरच्या वकिलाने पावत्या मागितल्या. आजीच्या माळेची पावती! पुढची तारीख पडली.

निघताना कोर्टाची रिपोर्टर, म्हणजे सगळं शब्दशः टिपून घेणारी, माझ्याजवळ आली, तिला रेकॉर्डसाठी स्पेलिंग हवं होतं. एस, टी, आर, आय, डी, एच, ए, एन. तिने परत वाचून दाखवलं आणि विचारलं, डी नंतर एच नक्की ना? म्हटलं, नक्की.