तांगकुबान पराहू: आग बघायला गेलो, कुजलेला दगड बघून आलो

मे महिन्यात नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून आई आणि मी इंडोनेशियाला गेलो, बांडुंगजवळचा तांगकुबान पराहू ज्वालामुखी बघायचाच होता. उंची २०८४ मीटर, गाडी पार विवराच्या काठापर्यंत जाते त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं.

जकार्ताहून वूश ही वेगवान ट्रेन घ्या, पाडालारांगला पाऊण तासही लागत नाही, तिथून बांडुंगसाठी जोडगाडी मिळते.

वर गेल्यावर आधी सडक्या अंड्याचा वास आणि मग ते पांढरे-पिवळट उतार. वाटेच्या कडेचा एक खडा उचलला तर नखानं खरवडला गेला, पाण्याचे चार थेंब टाकले तर बोटांना चिकटला, आई म्हणाली अरे हा तर आपल्या नागपूरच्या मूर्तिकारांच्या चितार ओळीतला शाडू झाला! आणि खरंच तसंच आहे. खालून येणारे गंधकाचे वायू पाण्यात मिसळून ॲसिड होतं, ते दगडातली खनिजं खाऊन त्याची माती करतं. आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवरच्या काळ्या दगडाचा मुरूम व्हायला पाऊस-ऊन किती काळ लागतात, इथे गरम ॲसिड ते काम फार लवकर उरकतं. वर ही चिकट माती दगडातली छिद्रंही बुजवते, मग वाफ-पाणी आतच कोंडतं आणि दाब वाढत जातो. (सगळीकडे दगड मऊच पडतो असं नाही बरं, कुठे सिलिका भरून तो उलट कडकही होतो.)

म्हणून डोंगर कोसळायला उद्रेकच लागतो असं नाही. निकाराग्वाचा कासिता ज्वालामुखी १९९८ मध्ये मिच वादळाच्या पावसात घसरला, दोन हजारांहून जास्त माणसं गेली, लाव्हाचा थेंबही नव्हता. मला ते वाचून माहीत होतं पण तो खडा हातात विरघळला तेव्हा पोटात गोळा आला.

त्यामुळे जाणाऱ्यांनी एवढं कराच बावा. निघायच्या सकाळी धोक्याची पातळी तपासा, २६ जुलै २०१९ ला इथेच वाफेच्या स्फोटानं राख उडाली होती. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर त्या दिवशी नका जाऊ. फोटोसाठी कठड्यापलीकडे, त्या पांढऱ्या मातीवर पाय ठेवू नका, वरून घट्ट दिसते पण भरवसा नाही. खाली डोमास विवराकडे गाईड घेऊनच उतरा, दमा असेल तर उतरूच नका. आणि चांदी हॉटेलवर ठेवा, आईची जोडवी दोन तासांत काळी पडली.