एकास बत्तीसचा चिखल

गोव्यात ट्रॅक्टरला दोन तऱ्हेचे चिखल लागतात. डोंगराच्या कुशीतल्या मरड जमिनीवर नांगर ओढून आलेला ट्रॅक्टर तांबडा असतो, जांभ्याच्या मातीने माखलेला. खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतातून, वर चढलेला असतो करडा: ओला आहे तोवर जवळजवळ काळा, वाळला की राखाडी. डिचोली-सत्तरीचा ट्रॅक्टर आणि मांडवीकाठचा ट्रॅक्टर एकाच कंपनीचे, एकाच वर्षीचे असले तरी लांबून वेगळे ओळखू येतात. हा फरक ज्याच्या नजरेत बसला, त्याचा छोट्या ट्रॅक्टरांच्या छंदातला अर्धा अभ्यास झाला. उरलेला अर्धा म्हणजे सँडपेपर, थिनर आणि फरशीवर घरंगळून कायमचे नाहीसे झालेले स्क्रू.

शेतीच्या मॉडेलांचे सर्वांत रुळलेले माप एकास बत्तीस, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचे. ते शिशाच्या सैनिकांकडून आले. 54 मिलिमीटर उंचीचे सैनिक बनवणाऱ्या ब्रिटेन्स या इंग्लिश कंपनीने 1948 मध्ये त्याच उंचीच्या माणसाला शोभेलसा फोर्डसन मेजर काढला आणि युरोपात ते माप पक्के झाले. अमेरिकेत, आयोवातल्या डायर्सव्हिल गावच्या अर्टलने मात्र एकास सोळाचा मोठा ट्रॅक्टर लोकप्रिय केला. तो देखणा खरा, पण फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये असे दोन ठेवले की तिसऱ्याला जागा उरत नाही. म्हणून बत्तीस बरे.

विकत घेतलेले प्रत्येक खेळणे मापात असतेच असे नाही. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या, मागे ओढून सोडायच्या ट्रॅक्टरांच्या खोक्यावर माप बहुधा लिहिलेले नसते. ते काढायची सोपी युक्ती म्हणजे मागचे चाक मोजणे. भारतात 40-45 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे 13.6-28 चा टायर सर्रास असतो. त्याचा व्यास सुमारे 1310 मिलिमीटर, म्हणजे बत्तिसाव्या हिश्शाने 41. पुढचा 6.00-16 चा टायर सुमारे 735, म्हणजे 23. खेळण्याचे मागचे चाक 48 मिलिमीटर भरले तर माप एकास सत्तावीस झाले, आणि त्याच्यामागे बत्तीसची ट्रॉली जोडली की ती बारीक दिसणारच. पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळे माप सांगू लागले तर कारखान्यातल्या साहेबाने चाके डोळ्यांच्या अंदाजाने काढली आहेत असे समजावे आणि पुढची बदलावीत. चेहरा बिघडतो तो पुढच्या चाकांनी.

परदेशी मॉडेल घ्यायचे तर मॅसी फर्ग्युसन 135 ही शहाणी निवड. मद्रासच्या टॅफेने 1960 च्या दशकापासून मॅसीचे ट्रॅक्टर आपल्याकडे बनवले, त्यामुळे ते घराणे आपल्या डोळ्यांच्या ओळखीचे आहे. दोनशे अश्वशक्तीचा केबिनवाला जर्मन राक्षस कितीही बारकाईने केलेला असला, तरी कुंडईच्या मळ्यात तो वळवायचा कुठे?

मॉडेल सुटे करताना खाली पाहावे. जस्ताच्या मिश्रधातूचे अंग बहुधा दोन किंवा तीन रिव्हेटांनी बंद केलेले असते. रिव्हेटच्या डोक्याच्या मधोमध सुईने खूण करून 3 मिलिमीटरच्या ड्रिलने हळूहळू फक्त डोके उडवायचे. घाई केली तर ड्रिल घसरते आणि बॉनेटच्या बाजूला ओरखडा जातो. मग उरलेल्या खांबात 1.6 मिलिमीटरचे भोक पाडून त्यात एम-2 चे, म्हणजे 2 मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे पाडायचे, म्हणजे पुढे स्क्रूने हवे तेव्हा उघडता येते. भोक तिरके गेले की खांब फुटतो. जस्ताचे ओतकाम ठिसूळ असते, त्याला वाकणे ठाऊक नाही. जुना रंग काढायचा तो धातूचे भाग काचेच्या बरणीत पेंट रिमूव्हरमध्ये ठेवून. प्लास्टिकचे भाग त्या बरणीच्या जवळही नेऊ नयेत. ॲसिटोन किंवा रिमूव्हर लागला की स्टेअरिंगची चटणी होते.

टायर पुन्हा चढवताना जी चूक होते ती इतकी सार्वत्रिक आहे की प्रदर्शनातही दिसते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे तिरके उंचवटे, मागे उभे राहून पाहिले तर, मधे टोक वर करून असायला हवेत. तसे असले की जमिनीला आधी मध्यभाग टेकतो आणि चिखल दोन्ही बाजूंना फेकला जातो. उलटे असले तर चिखल मध्येच कोंबला जातो आणि चाक जागच्या जागी फिरते. सुटे करताना डावे-उजवे टायर एकमेकांच्या जागी गेले की दोन्ही उलटे होतात. काढण्यापूर्वी आतल्या बाजूला खडूने खूण केली की प्रश्न मिटतो. नव्या टायरची काळी चकाकी आणि धारदार कडा 400 नंबरच्या सँडपेपरने घालवाव्यात. खरा टायर काळा नसतोच, गडद करडा असतो. आणखी एक: टायर मऊ पीव्हीसीचे असतील तर ते प्लास्टिकच्या रिमला वर्षानुवर्षे चिकटून ती विरघळवतात, म्हणून मध्ये रंगाचा पक्का थर हवा.

रंगकामाचा मुहूर्त गोव्यात पंचांगापेक्षा आभाळ पाहून काढावा. जून ते सप्टेंबरात लॅकर फवारला की थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले पाणी त्यावर धरते आणि लाल बॉनेटवर दुधासारखी पांढरट साय येते. मॅट वार्निशही असेच पांढरे पडते. पावसातच काम करायचे असेल तर हळू उडणारा रिटार्डर थिनर वापरावा, आणि भाग आधी साध्या बल्बखाली हाताला कोमट लागेल इतका तापवून घ्यावा. आलेली साय बहुतेक वेळा नुसत्या रिटार्डरचा पातळ फवारा मारला की जाते. सुपरग्लूचे नेमके उलट: तो ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे पावसाळ्यात तो झटकन धरतो आणि भाग सरळ करायला वेळच देत नाही. शिवाय त्याच्या वाफेने हेडलाइटच्या पारदर्शक काचा धुरकट होतात. काचांना पांढरा फेविकॉल पुरतो. धातूवर रंगाआधी भांड्याच्या साबणाने धुऊन एचिंग प्रायमर मारला नाही तर मास्किंग टेपबरोबर रंगही निघून येतो. उन्हाने विटलेला लाल दाखवायचा तर लालमध्ये पांढरा घालू नये, गुलाबी बाहुली तयार होते. थोडा केशरी आणि चिमूटभर बदामी घालावा, आणि तोही फक्त बॉनेटच्या वरच्या पाठीवर आणि मडगार्डच्या माथ्यावर. बॉनेटच्या बाजूंवर ऊन तिरके पडते, त्या कमी विटतात.

आता चिखल. इथे बहुतेक जण बाजारातली तयार तपकिरी पावडर आणतात, आणि ट्रॅक्टर इंग्लंडात जाऊन आल्यासारखा दिसू लागतो. माती दाराशी असताना विकत कशाला घ्यायची? पण ती तशीच उचलून लावायचीही नाही. अर्ध्या मिलिमीटरचा खडा बत्तीसपटीने 16 मिलिमीटरचा होतो, म्हणजे मडगार्डवर खडी पसरल्यासारखे दिसते. माती खलात घोटून उंच पेल्यात भरपूर पाण्यात ढवळावी, एक मिनिट थांबावे आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे. जड कण खाली राहतात. गढूळ पाणी रात्रभर निवळले की तळाशी जो लोण्यासारखा गाळ बसतो, तोच कामाचा. जांभ्याची माती अशी काढली की देवळांच्या भिंतींवरच्या कावीचा रंग मिळतो, आणि ते साहजिकच आहे, कारण काव म्हणजे लोहाचीच तांबडी माती. धूळ वाळलेली दाखवायची तर त्यात थोडी पिवळी माती आणि नखभर टाल्कम पावडर मिसळावी.

खाजनाच्या मातीला मात्र मीठ असते. भरतीचे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी अडवलेले असले तरी जमीन खारटच. ती माती न धुता लावली तर मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, चिखल कधीच पुरता वाळत नाही आणि पोलादी आखाला दोन पावसाळ्यांत तांबेरा चढतो. वर सांगितलेले ढवळणे-निवळणे गोड्या पाण्यात चार वेळा केले की मीठ निघून जाते. चुलीतली राख रंगाला जुळते म्हणून वापरू नये, तिच्यातले क्षारही पाणी धरतात. त्यापेक्षा करड्या खडूची पूड आणि दिव्याची काजळी बरी.

ही पूड मॅट ॲक्रिलिक वार्निशमध्ये कालवून दाट चिखल होतो. त्यात भाताची मुळे-पेंढा दिसायला हवा. काथ्या हाताशी असतो, पण त्याचा धागा जाड, मापात बोटाएवढी काठी होते. तागाचा एकेक तंतू सोडवून 3 ते 5 मिलिमीटरचे तुकडे करावेत. कालवताना लक्षात ठेवायचे की वार्निशने रंग गडद होतो, म्हणून वाळलेला थर कोरड्या पुडीपेक्षा एक छटा गडद धरून चालावे.

लावायचा कुठे, हे चाकाला विचारावे. मागचे चाक चिखल वर आणि मागे फेकते, तो मडगार्डच्या पोटाशी, लिफ्टच्या दांड्यांवर आणि ट्रॉलीच्या कपाळावर बसतो. बॉनेटवर चिखलाचे शिंतोडे मारणारे लोक ट्रॅक्टर उलटा चालवत असावेत. धूळ आडव्या जागी साचते: पायरीवर, बॅटरीच्या खोक्यावर, पुढच्या आखाच्या वर. जिथे बूट आणि हात लागतात तिथे धूळ नसतेच. क्लच-ब्रेकच्या पट्ट्या आणि गिअरच्या दांड्याचा गोळा घासून चकचकीत झालेला हवा, त्यासाठी मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले तरी पुरते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली मात्र ओघळ हवा, काळपट आणि थोडा चकाकणारा. डिझेल सांडले की धूळ धरते, आणि सांडल्याशिवाय कुणी भरत नाही.

खाजनात उतरणाऱ्या ट्रॅक्टरला लोखंडी चाके, केज व्हील, लागतात, आणि ती मॉडेलच्या दुकानात सहसा नसतात. ती तांब्याच्या तारेची करावीत. पंख्याच्या वाइंडिंगच्या दुकानात 21 गेजची, म्हणजे 0.8 मिलिमीटरची तार वजनावर मिळते. तिच्यावरचा लाखेसारखा थर सँडपेपरने खरवडला नाही तर सोल्डरचा डाग बसत नाही, नुसती गोळी घरंगळत राहते. 38-39 मिलिमीटर बाहेरचा व्यास भरेल असे तीन कडे पाइपवर गुंडाळून कापायचे. लाकडी फळीवर वर्तुळ काढून 30 अंशांवर 12 खिळे ठोकले की साचा झाला. आडव्या पट्ट्या पितळी पत्र्याच्या, सव्वा मिलिमीटर रुंद बाजूचा कोन करून. प्रत्यक्षातल्या 40 मिलिमीटरच्या अँगलचे ते माप. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. दुसरा सांधा डागताना पहिला सुटतो, तेव्हा शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवावा, आणि डाग क्रमाने न देता समोरासमोर द्यावेत.

चाके चढली की तो ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर उभा करता येत नाही. लोखंडी चाकांनी डांबर उखडते, म्हणून खरा शेतकरी शेताच्या तोंडाशी चाके बदलतो. त्यामुळे केज व्हील लावलेल्या ट्रॅक्टरवर तांबड्या रस्त्याची ताजी धूळ असणे म्हणजे खोटी साक्ष. लावणीआधीच्या चिखलणीत चिखल 15 ते 20 सेंटिमीटर खोल असतो, मापात 5-6 मिलिमीटर, तेवढा चाकाचा खालचा भाग सलग ओला आणि ग्लॉस वार्निशने चमकणारा हवा, वरचा शिंतोड्यांचा.

बाकीचे किरकोळ. सायलेन्सरच्या तोंडात 1.2 मिलिमीटरचे भोक पाडावे, बंद नळीतून धूर येत नाही. हायड्रॉलिकच्या नळ्यांना 30 गेजची आवरणासकट अर्ध्या मिलिमीटरची वायर मापात बसते. जीए-04 किंवा जीए-05 ची नंबराची पाटी पांढऱ्या डिकल कागदावर (पाण्यात भिजवून चित्र सोडवायच्या कागदावर) छापावी, कारण घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. इंकजेटने छापली असेल तर पाण्यात टाकण्याआधी वार्निश मारावे, नाहीतर शाई पाण्यातच राहते. डिकल चिकटवायची जागा आधी गुळगुळीत ग्लॉस केलेली हवी. मॅटवर लावली की खाली हवा अडकून चंदेरी दिसते. दसऱ्याचे झेंडूचे तोरण घालायचे असेल तर केशरी स्पंजाचे कण दोऱ्याला चिकटवावेत, पण मग ट्रॅक्टर धुतलेला दाखवावा. पूजेला कुणी चिखलाचा उभा करत नाही.

आणि खरे सांगायचे तर गोव्याच्या अरुंद मळ्यांत ट्रॅक्टरापेक्षा पॉवर टिलरच जास्त फिरतो, त्याचे मॉडेल मात्र शोधूनही मिळणे मुश्किल. तो मुळापासूनच करावा लागतो. लांबी मापात आठ सेंटिमीटरच्या आसपास, इंजिनाचे खोके अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्याचे, हँडलच्या दांड्या 1 मिलिमीटरच्या पितळी तारेच्या. दोन्ही दांड्या एकाच वेळी एकत्र धरून वाकवाव्यात. वेगवेगळ्या वाकवल्या तर त्या कधी जुळत नाहीत, आणि टिलर समोरून पाहिला की पहिली नजर तिथेच जाते.