सोन्याच्या नाण्यातली ‘एरर’: आधी काटा, मग भिंग

एरर, म्हणजे टाकसाळीतच चुकीचं बनलेलं, म्हणून दाखवलेलं सोन्याचं नाणं हातात आलं की एकच गोष्ट ठरवायची असते: दोष ठसा बसण्याआधीचा, ठसा बसतानाचा, की टाकसाळीच्या दाराबाहेरचा? पहिल्या दोन प्रकारांना संग्राहक जास्तीचे पैसे मोजतो. तिसरा प्रकार म्हणजे मार खाल्लेलं नाणं, त्याची किंमत मोडीची. झवेरी बाजार असो की फोर्टातला नाणीवाला, ‘दुर्मिळ एरर’ म्हणून पुढे येणाऱ्या गिन्यांमध्ये (गिनी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन) या तिसऱ्याचाच भरणा.

त्याला कारण आहे. आपल्याकडे गिनी तिजोरीपेक्षा गळ्यात जास्त राहिली. माळेत ओवायला तिला डाख देऊन कडी लावायची, पुढे माळ मोडली की कडी कापायची आणि कानशीने कड साफ करायची. अशा गिनीची कड राजाच्या डोक्याच्या वर, अगदी मधोमध, चपटी लागते. तिथले दाते बुजलेले असतात आणि दहापट भिंगाखाली डाखाचा रंग बाकीच्या सोन्याहून वेगळा दिसतो. हीच गिनी ‘क्लिप’, म्हणजे टाकसाळीतच कडेला तुकडा कमी पडलेलं नाणं, म्हणून विकली जाते.

खरी क्लिप कशी होते ते कळलं की फसणं अवघड. सोन्याच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. मग चकतीची कड उचलायच्या यंत्रात दाब दोन्ही बाजूंनी लागतो. खाचेपाशी धातूच नसल्याने बरोबर समोरच्या बाजूलाही दाब कमी पडतो आणि तिथली कड दबकी राहते. म्हणून नाण्यात आधी खाच नव्हे, खाचेच्या समोरची बाजू बघायची. ती भरीव, उठावदार असेल तर खाच नंतर कापलेली असण्याचा संशय धरा. दुसरी खूण अक्षरांची. खाचेजवळ ठसा बसताना धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, त्यामुळे तिथली अक्षरं ताणलेली, किंचित पसरट होतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखं अर्ध्यात तुटतं. सोन्याच्या चकत्या टाकसाळीत वजनाने निवडल्या जातात, हेही लक्षात असू द्या. मोठी खाच त्या चाळणीतून सहसा सुटत नाही. तांब्या-निकेलच्या नाण्यात सहज खपेल अशी क्लिप सोन्यात दिसली तर शंका दुप्पट.

आता काटा. गिनीचं ठरलेलं वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, सोनं २२ कॅरट. इंग्लंडमध्ये चलन म्हणून ती झिजून ७.९३८ ग्रॅमपर्यंत चालत असे. दक्षिण आफ्रिकेचा क्रूगररँड आणि अमेरिकन ईगल ही एक औंसाची सोन्याची नाणी, दोन्ही ३३.९३ ग्रॅम भरतात, कारण दोन्ही २२ कॅरटची आहेत आणि आत शुद्ध सोनं ३१.१० ग्रॅम आहे. ‘जाड चकतीची एरर’ म्हणून वजन जास्त भरणारं नाणं आलं तर खूश होण्याआधी त्याची घनता काढा.

घनतेला लागतं काय? काटा, काचेचा ग्लास, डिस्टिल्ड पाणी, नायलॉनचा बारीक दोरा. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा. नाणं दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने हटवलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता आली. २२ कॅरटला ती साधारण १७.६ ते १७.८ यायला हवी, २४ कॅरटला १९.३. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर दात्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी दिसते. आणि पंखा बंद करा.

इथे हमखास होणारी चूक काट्याची आहे. गिनी बुडवल्यावर आकडा येतो जेमतेम ०.४५ ग्रॅम. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तो ०.४४ आला तर घनता १८.२, ०.४६ आला तर १७.४. म्हणजे अस्सल गिनीही संशयित ठरते आणि नकलीही पास होते. गिनीला मिलिग्रॅमचा काटा हवाच, सराफाकडे काचेच्या पेटीत असतो तसा. क्रूगररँडचा आकडा १.९२ च्या आसपास येतो, त्याला साधा काटा चालून जातो.

२४ कॅरटच्या नाण्यात घनता पुरेशी नाही, कारण टंगस्टनची घनता १९.२५, जवळपास सोन्याइतकीच. टंच काढायचं एक्सआरएफ मशीनही वरचा पातळ थरच वाचतं. आतली भेसळ पकडायला अल्ट्रासोनिक जाडीमापक लागतो: आवाज सोन्यातून सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर जातो, टंगस्टनमधून ५,००० च्याही वर. कसोटीवर घासू मात्र कुणाला देऊ नका. पेढीवरचा माणूस सवयीने हात पुढे करतो, आणि एक घासा बसला की संग्रहाची किंमत संपली.

वजन जुळलं की भिंग. नियम सोपा: ठशाला झालेली जखम नाण्यावर उठून येते, नाण्याला झालेली जखम खोल जाते. ठशाची चीर म्हणजे नाण्यावर उठलेली बारीक रेघ, बहुतेकदा कडेपासून अक्षरांतून जाणारी. नखाला लागणारा चर म्हणजे ओरखडा. अपवाद एक, ठसा आणि चकतीच्या मध्ये ग्रीस, दोरा किंवा कापडाचा तुकडा सापडण्याचा. तिथे खड्डाच पडतो, पण त्याच्या कडा मऊ, गोलसर असतात आणि धातू बाजूला ढकलल्याची चिमटी उठलेली नसते. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांत दुसरी छाया चपटी, पायरीसारखी असेल तर ती ठसा हलल्याने घासलेली. तिला कोणी पैसे देत नाही. ठशातच दुहेरी कोरलं गेलं असेल तर दोन्ही अक्षरं गोलाईसकट उठलेली दिसतात.

फिरलेल्या ठशाबद्दल, म्हणजे एका बाजूच्या मानाने दुसरी बाजू तिरकी किंवा उलटी छापली जाण्याबद्दल, आपल्याकडे एक मजेशीर गोंधळ होतो. आपला रुपया, सेंट जॉर्जच्या घोड्याची गिनी आणि क्रूगररँड पुस्तकाच्या पानासारखे आडवे उलटले की मागची बाजू सरळ दिसते. अमेरिकन ईगल तसा उलटला की मागची बाजू उलटी, कारण अमेरिकेची नाणी वर-खाली उलटायची असतात. ‘१८० अंशांची एरर’ म्हणून असा साधा ईगल दाखवणारे भेटतात. काहींना स्वतःलाही ते माहीत नसतं.

सोन्यातली नावाजलेली एरर बघायला भिंगसुद्धा जेमतेम लागतं. १९९९ चे काही पाच आणि दहा डॉलरचे ईगल प्रूफ नाण्यांसाठीच्या (प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठीचं चकचकीत नाणं), पण पॉलिश न केलेल्या ठशांनी छापले गेले. गुंतवणुकीसाठीच्या साध्या बुलियन ईगलवर टाकसाळीची खूण नसते, या नाण्यांवर मात्र वर्षाखाली डब्ल्यू आला. पाच डॉलरचं नाणं ३.३९ ग्रॅमचं, दहाचं ८.४८ ग्रॅमचं. चकचकीत प्रूफ नाण्यावर डब्ल्यू असतोच, ते एररच्या भावाने घेऊ नका.

मुंबईचं स्वतःचं नाणं म्हणजे १९१८ ची गिनी. युद्धकाळात ती इथल्याच टाकसाळीत छापली गेली, वर्षाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर बारीक इंग्रजी ‘आय’ (I) हे अक्षर आहे. त्याच साली, त्याच वजनाची १५ रुपयांची मोहरही निघाली. एका बाजूला गिनी आणि दुसऱ्या बाजूला मोहर असं ‘म्यूल’ किंवा राजा एक आणि वर्ष भलतंच अशी गिनी कुणी आणली तर ती बहुधा खाजगी ठशावर बनलेली नक्कल. तिच्यात सोनं पूर्ण असू शकतं, पण मोल सोन्याचंच. आणि १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, त्यामुळे ते प्रमाणपत्रासाठी परदेशी पाठवायचा विचार सोडा.

२४ कॅरटच्या नाण्यावरचे लालसर डाग ही एरर नव्हे, परक्या धातूचे कण दाबले गेल्याची खूण. पुसायला जाऊ नका. सराफांच्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यांवरचे दोषही सोडून द्या. ती चलन नव्हेत आणि त्यांच्या चुकांना गिऱ्हाईक नाही.

भाव काढताना आधी मोडीचा आकडा कागदावर मांडा. गिनीचं वजन गुणिले ०.९१६७, म्हणजे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं, गुणिले त्या दिवसाचा २४ कॅरटचा ग्रॅमचा दर. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा रोजचा दर धरा, त्यात जीएसटी नसतो. क्लिप असेल तर प्रत्यक्ष भरलेलं वजन घ्या, ठरलेलं नव्हे. या आकड्याच्या वर विक्रेता जे मागतो तेवढीच एररची किंमत, आणि घासाघीस तेवढ्यावरच. सराफ ती वरची रक्कम परत देणार नाही, उलट आटणीची घट कापेल. ती मिळते फक्त संग्राहकाकडून किंवा लिलावात, तेही प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीने तपासून कॅप्सूलमध्ये बंद केलेल्या नाण्याला. कॅप्सूलचा नंबर प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या साइटवरच्या फोटोशी ताडून बघा, कारण कॅप्सूलही नकली निघतात. बिलावर वर्ष, वजन आणि दोषाचं नाव लिहून घ्या. नुसतं ‘सोन्याचं नाणं १ नग’ लिहिलेलं बिल पुढच्या गिऱ्हाइकापुढे काही कामाचं नाही. आणि दोन लाख किंवा त्यावरचा व्यवहार रोखीत होत नाही.