घंटा कुठून आली?

दोन वर्षं झाली, आम्ही पाच मित्र रविवारी दुपारी फोंड्याला माझ्या घरी रोल-प्लेइंग गेम खेळतो, म्हणजे बोलत बोलत एक गोष्ट सगळे मिळून घडवतो. जग मी रचायचं, पात्रं त्यांची. नदीच्या मुखावरच्या एका जुन्या बंदरासाठी मी बारा ऐतिहासिक वास्तू लिहिल्या होत्या. प्रत्येकीचा राजा, साल, उंची सगळं ठरवलेलं. एक मनोरा तर तीनशे मीटरचा. खेळताना मित्र त्या बाराही वास्तूंवरून सरळ पुढे गेले. कुणी एक प्रश्न विचारला नाही. महिनाभर खपलो होतो, फार लागलं मनाला.

मग वही घेऊन जुन्या गोव्यात गेलो. सांत आगुस्तीनचा मनोरा लहानपणापासून पाहत आलोय, पण त्या दिवशी तासभर त्याच्यासमोर बसलो. चर्च १६०२ चं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि ते ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा. मूळ उंची साधारण ४६ मीटर. खाली उभं राहून मान वर केली आणि माझे तीनशे मीटर तिथेच खोडले.

पण खरी गोष्ट पणजीत होती. या मनोऱ्याची घंटा आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. म्हणजे मनोरा एका गावात, त्याचा आवाज दुसऱ्या गावात! माझ्या बाराही वास्तू जिथे बांधल्या तिथेच, जशाच्या तशा उभ्या होत्या. त्यांचं काही हरवलं नव्हतं, काही हललं नव्हतं.

घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आपला मंगेश तरी कुठला इथला? कुठ्ठाळीहून आणला ना." १५६० मध्ये लोकांनी जुवारी ओलांडून देव प्रियोळला आणला, कारण इकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. लगेच माझ्या बंदरातलं मंदिर बदललं. देव जुना, देऊळ नवं, आणि नदीपलीकडे मूळ जागेवर फक्त एक विहीर. तिथे दरवर्षी दिवा लावायला एकच घराणं जातं. का, ते त्या घराण्यालाही आठवत नाही.

दगडावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा असं मला वाटतं. आपला चिरा, म्हणजे तांबडा जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो, पण पाऊस पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. गिलावा गेला की भिंत उघडी पडते. उलट तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं, आणि तो दगड घाटावरून आणला असं सांगतात. त्यामुळे आता आधी खाण ठरवतो, मग इमारत. बंदराच्या तांबड्या तटबंदीत मी दहा-बारा काळे कोरीव दगड बसवले. आमच्यातल्या एकाचं पात्र पाथरवट आहे. त्याला ते पहिल्याच फेरीत दिसले: "हे आणले कुठून?"

बंदरातल्या माझ्या मनोऱ्याची, आता पडक्या, घंटा मात्र मी मुद्दाम दूरच्या डोंगरी गावात टांगली, कडेवर बंदराचं नाव कोरून. काहीच सुचवलं नाही. चौघांनी ते नाव वाचलं, आपसांत बोलले आणि ठरलेली मोहीम सोडून घंटा कुठून आली ते शोधायला निघाले. तीन तास आम्ही त्या पडक्या मनोऱ्यातच होतो. कुणी फोनला हात लावला नाही.

बारांपैकी आता पाचच वास्तू उरल्यात. सध्या किल्ल्यावर काम चाललंय. आग्वादच्या टाक्यात २३ लाख गॅलनांहून जास्त पाणी मावायचं आणि जहाजं तिथून पाणी भरून घ्यायची. माझ्या किल्ल्याचंही टाकं आधी काढलंय, बुरूज नंतर. येत्या रविवारी मित्रांना ते कोरडं सापडेल. पाणी कुणी सोडलं, ते ठरवायला माझ्याकडे शनिवार रात्रीपर्यंत वेळ आहे.